पहिल्या भेटीत लक्षात काय राहते?

पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडच्या दिशेने निघाली की वाटेत चुडावा नावाचे स्टेशन लागते. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले हे गाव. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निझामाच्या राज्यात गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत मीटरगेज लोहमार्ग टाकला गेला. चुडावा त्याच मार्गावर आहे. पुढे मार्ग ब्रॉडगेज झाला, वाफेची इंजिने गेली, गाड्यांचा वेग वाढला. आता या भागात आयुष्यात पहिल्यांदाच आलेला एखादा प्रवासी जलद गाडीच्या खिडकीशी बसला आहे आणि गाडी या स्टेशनावर थांबणार नाही, अशी कल्पना करू. फलाटाच्या टोकाला असलेली गावाच्या नावाची पाटी वाचायला त्याला किती वेळ मिळेल?

गणित सोपे आहे. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. पाटी ५० मीटरवरून वाचता येते असे धरले, तर त्याच्या हाती जेमतेम तीन सेकंद असतात. तेवढ्यात तो ‘चुडावा’ हे नाव वाचतो, आणि परत येताना तीच पाटी दिसली की ‘हे जाताना लागले होते’ असे म्हणतो.

हे कसे साधते? पाटीकडे पुन्हा एकदा नीट पाहावे. पार्श्वभूमी पिवळी, अक्षरे काळी आणि ठळक. पाटीवर एकच गोष्ट मोठी आहे, ती म्हणजे गावाचे नाव. तेच नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेले असते, म्हणजे वाचणारा कोणीही असो, त्यातली एक ओळ त्याची असते. स्टेशनाच्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिण्याची प्रथा आहे, पण ती बारीक अक्षरांत. ज्याला हवी त्याने ती वाचावी, इतरांच्या वाटेत ती येत नाही.

ही पाटी आठवण्याचे कारण असे की आज अनेक शाळांची स्वतःची संकेतस्थळे आहेत, आणि ती तयार करण्याचे काम बहुधा शाळेतल्याच एखाद्या उत्साही शिक्षकावर येते. संकेतस्थळावर पहिल्यांदा येणारा माणूस हा त्या खिडकीतल्या प्रवाशासारखाच असतो. त्याला आपले गाव माहीत नसते, तो थांबेल याची खात्री नसते आणि त्याची नजर पानावर काही क्षणच असते. त्या क्षणांत त्याच्या मनात काय उमटते, त्यातले काय टिकते, हे शोधून काढायला शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली. तो शोध सुरू झाला तेव्हा संगणकाचा मागमूसही नव्हता.

आठवण मोजणारी माणसे

हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच्या प्रयोगात प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही तोच. अर्थ नसलेल्या अक्षरजुळण्यांच्या याद्या पाठ करायच्या आणि ठरावीक वेळाने त्यातले किती उरले ते पाहायचे, असे त्याने चिकाटीने केले. पाठ केलेल्या गोष्टीचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला दिसले. अर्थाचा आधार नसलेली गोष्ट मनात धरून ठेवणे किती अवघड असते, हेही या प्रयोगांतून कळले.

१९३३ मध्ये हेडविग फॉन रेस्टॉर्फ या संशोधिकेने वेगळाच प्रश्न विचारला. यादीत सगळे सारखेच असताना मध्येच एक वेगळी वस्तू आली तर काय होते? दहा अंकांच्या रांगेत एखादे अक्षर आले, तर ते अक्षर इतरांपेक्षा चांगले लक्षात राहते. मात्र सगळ्याच वस्तू ‘वेगळ्या’ केल्या, तर हा फायदा उरत नाही. वर्गातल्या फळ्यावर प्रत्येक वाक्य रंगीत खडूने लिहिले, तर रंगीत खडूचा उपयोग काय, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

तिसरा धडा सॉलोमन ॲश याने १९४६ मध्ये दिला. त्याने एका गटाला एका काल्पनिक माणसाचे वर्णन ऐकवले: बुद्धिमान, कष्टाळू, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हेच सहा शब्द उलट्या क्रमाने ऐकवले. शब्द तेच होते, तरी पहिल्या गटाचे त्या माणसाबद्दलचे मत अधिक चांगले झाले. आधी आलेल्या शब्दांनी नंतरच्या शब्दांना रंग दिला होता. ‘बुद्धिमान’ ऐकल्यावर पुढचा ‘हट्टी’ फारसा खटकत नाही, ‘मत्सरी’ ऐकल्यावर मात्र ‘बुद्धिमान’सुद्धा संशयास्पद वाटू लागते.

चित्रांच्या बाबतीत माणसाची स्मरणशक्ती थक्क करणारी आहे. लायोनेल स्टँडिंग याने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना तब्बल १०,००० चित्रे काही दिवसांत दाखवली. नंतर पाहिलेले चित्र आणि न पाहिलेले चित्र शेजारी ठेवून ‘यातले कोणते पाहिले होते?’ असे विचारले. सुमारे ८३ टक्के वेळा उत्तर बरोबर आले.

येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. समोर आल्यावर ओळखणे वेगळे आणि समोर नसताना आठवणे वेगळे. निकरसन आणि ॲडम्स यांनी १९७९ मध्ये अमेरिकन लोकांना एक सेंटचे नाणे न पाहता काढायला सांगितले. हे नाणे ते रोज हाताळत होते, तरी त्यावरील खुणा बरोबर जागी काढणे बहुतेकांना जमले नाही. रुपयाच्या नाण्यावर हा प्रयोग आपणही करून पाहू शकतो. रोजच्या पाहण्यातून ओळख पक्की होते, पण तपशील मनात साठतातच असे नाही. माणूस ओळखण्यापुरते ठेवतो आणि बाकीचे सोडून देतो.

नवखा माणूस आणि अनोळखी गाव

संकेतस्थळ या मराठी शब्दात ‘स्थळ’ आहे. दोघांनी आधी ठरवलेली भेटीची जागा, असा त्याचा जुना अर्थ. इंटरनेटवरच्या पानांना हा शब्द लावणाऱ्याने, कळत असो वा नकळत, एक नेमकी गोष्ट सांगितली आहे. तेथे येणाऱ्याला ‘आपण ठरलेल्या जागी पोचलो’ असे वाटले पाहिजे.

जागा मनात कशी बसते याचा सर्वांत गाजलेला अभ्यास केविन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराचा. बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतल्या रहिवाशांना त्याने आपल्या शहराचे नकाशे मनाने काढायला सांगितले आणि १९६० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. लोकांच्या नकाशांत पाच प्रकारच्या गोष्टी पुन्हा पुन्हा येत होत्या: रस्ते, सीमा, वस्त्यांचे भाग, जिथे वाटा मिळतात ते चौक आणि दुरून दिसणाऱ्या खुणा. ज्या शहरात या गोष्टी स्पष्ट होत्या, त्याचे चित्र लोकांच्या मनात स्पष्ट होते. जेथे सगळे सारखे दिसत होते, तेथे राहणाऱ्यांनाही नकाशा नीट काढता येत नव्हता.

आपल्याकडे कोणी वाट विचारली तर आपण काय सांगतो? ‘स्टेशनावरून सरळ या, वडाचे झाड लागेल, तिथून उजवीकडे वळलात की शाळा.’ यात रस्ता आहे, वळण आहे आणि खूण आहे. घरांची संख्या किंवा रस्त्याची रुंदी आपण सांगत नाही. नवख्या माणसाला किती सांगायचे, याचे शहाणपण गावातल्या कोणाहीकडे असते. गंमत अशी की तोच माणूस संकेतस्थळ करायला बसला की हे शहाणपण विसरतो आणि पहिल्याच पानावर गावातली सगळी घरे मोजून दाखवतो.

पहिले पान आणि वाट पाहण्याचे गणित

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली याने मार्च १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने ती जगासमोर ठेवली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. जगातले पहिले संकेतस्थळ दिसायला अगदी साधे होते. चित्र नाही, रंगरंगोटी नाही. हा प्रकल्प काय आहे हे सुरुवातीच्या वाक्यात सांगितलेले आणि खाली पुढे जाण्याचे दुवे. येणाऱ्याला आपण कोठे आलो ते कळे आणि पुढे कोठे जाता येईल तेही कळे.

१९९३ मध्येच मोझेक नावाचा ब्राउझर आला. त्याच्यामुळे मजकुराच्या जोडीने चित्रे एकाच पानात दिसू लागली आणि वेब एकदम लोकप्रिय झाले. त्याबरोबर एक अडचणही आली. ती समजण्यासाठी भारतातले उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. टेलिफोनच्या तारेतून मोडेमने जोडणी व्हायची. सेकंदाला ९,६०० बिट एवढा वेग धरला, तर २ किलोबाइटचा मजकूर, म्हणजे सुमारे १६,००० बिट, यायला पावणेदोन सेकंद पुरत. पण ५० किलोबाइटचे एक चित्र, म्हणजे सुमारे ४ लाख बिट, यायला त्रेचाळीस सेकंद लागत. तेही तार मध्येच तुटली नाही तर!

आता माणूस किती वेळ थांबतो? रॉबर्ट मिलर याने १९६८ मध्येच, म्हणजे वेबच्या खूप आधी, संगणक आणि माणूस यांच्या संवादातील वेळेचा अभ्यास मांडला होता. एक दशांश सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि सुमारे दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते, असा अंदाज तेव्हापासून वापरात आहे. पाहुण्याचे स्वागत करायला म्हणून घातलेले त्रेचाळीस सेकंदांचे चित्र त्याला दाराबाहेरच ताटकळत ठेवत होते. ॲशचे सहा शब्द आठवा. पाहुण्याच्या मनात पहिला शब्द ‘संथ’ हा पडला, की पुढच्या चांगल्या मजकुरालाही त्याचाच रंग चढतो.

मराठी पाहुण्याने काय पाहिले?

मराठी वाचकाची अडचण याहून खोल होती. चित्र उशिरा का होईना पण यायचे. अक्षरे मात्र येऊनही दिसत नव्हती.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा याचे कोष्टक दोन्ही टोकांना एकच हवे. इंग्रजीसाठी असे कोष्टक १९६० च्या दशकातच ठरले होते. भारतीय लिपींसाठी आपल्याकडेही महत्त्वाचे काम झाले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिपींचे तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत वाढले आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ हे कोष्टक भारतीय मानक झाले. पण परदेशात तयार झालेल्या ब्राउझरांना इस्की कळत नव्हते.

मग मराठी संकेतस्थळे करणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांचे आकडे तसेच ठेवायचे आणि फाँटमध्ये त्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे काढायचे. म्हणजे आकडा इंग्रजी ‘ए’चा, पण दिसायला एखादा काना किंवा अर्धा ‘क’. ज्याच्या संगणकावर तो फाँट असेल त्याला सुरेख मराठी दिसे. ज्याच्याकडे तो नसेल त्याला इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि कंस यांची निरर्थक खिचडी दिसे. शिवाय प्रत्येक फाँटचे कोष्टक वेगळे. एका संकेतस्थळाचा फाँट दुसऱ्याला चालत नसे. पानाच्या वर सूचना असे की मजकूर वाचण्यासाठी आधी फाँट उतरवून घ्यावा. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजणाऱ्या माणसाला ते दर वेळी कसे परवडणार? काहींनी मजकुराची चित्रेच करून पानावर लावली, पण ती जड झाली आणि त्यातला एकही शब्द शोधयंत्राला सापडेना.

एबिंगहाउसने निरर्थक अक्षरजुळण्या मुद्दाम तयार केल्या होत्या. मराठी माणसाला इंटरनेटच्या पहिल्या भेटीत त्या आयत्याच मिळाल्या. त्यातून त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली, की संगणक ही इंग्रजीची वस्तू आहे. ही समजूत तयार व्हायला काही सेकंद पुरले. ती पुसायला अनेक वर्षे गेली, आणि अजून ती पूर्ण पुसली गेली आहे असे म्हणवत नाही.

तरीही लोकांनी वाटा काढल्या. परदेशातील मराठी मंडळींच्या पुढाकाराने १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’वर सुरुवातीच्या काळात लोक मराठी भाषा रोमन अक्षरांत लिहीत आणि वाचत. लिपी परकी, पण शब्द घरचे. तेवढ्यावरही माणसे पुन्हा पुन्हा येत राहिली. आपले काहीतरी येथे आहे, ही खूण पटली तर पाहुणा बरीच गैरसोय सोसतो, असे त्यावरून दिसते.

खरा उपाय युनिकोडने झाला. जगातल्या सर्व लिपींना मिळून एकच कोष्टक द्यायचे, ही त्यामागची कल्पना. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि तिची मांडणी आपल्या इस्कीवरून घेतलेली होती. या कोष्टकात ‘चुडावा’ हे नाव सहा आकड्यांत लिहिले जाते: च २३३०, उकार २३६९, ड २३३७, काना २३६६, व २३५७ आणि पुन्हा काना २३६६. हे सहा आकडे चुडाव्यात, चेन्नईत किंवा शिकागोत एकच शब्द दाखवतात.

कोष्टक आले तरी ते वापरणारी यंत्रे यायला वेळ लागला. विंडोजमध्ये देवनागरीची सोय २००० साली आली. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीवरही भारतीय लिपींची सोय अनेकदा वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी शोधावी लागे. ती सोय नसेल तर ‘विज्ञान’मधली वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन पडे आणि ‘ज्ञ’चे तुकडे सुटे दिसत. पुढे मोबाइल फोन आले तेव्हा सुरुवातीच्या अनेक फोनांवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसत. १ मे २००३ या महाराष्ट्र दिनी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि युनिकोडमधील मराठी हळूहळू रुळली. ऑगस्ट २०१४ पासून संकेतस्थळाचा पत्तासुद्धा ‘.भारत’ या शेपटासह देवनागरीत घेता येऊ लागला.

आज कोणत्याही साध्या फोनवर मराठी अक्षरे दिसतात, म्हणून हा इतिहास जुना वाटेल. परंतु पानावरचे ‘होम’, ‘मेनू’, ‘सबमिट’ हे शब्द इंग्रजीत आणि फक्त मजकूर मराठीत, अशी पाने आजही पाहायला मिळतात. पाटीवरची आपली ओळ पुसट झाली की काय होते, ते आपण या इतिहासावरून ओळखू शकतो.

एक विसांश सेकंद

पहिली नजर म्हणजे नेमकी किती? कॅनडातील कार्लटन विद्यापीठात गिट लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याचे उत्तर दिले. त्यांनी लोकांना संकेतस्थळांची पाने ५० सहस्रांश सेकंद, म्हणजे एक विसांश सेकंद दाखवली आणि ती किती आकर्षक वाटली ते विचारले. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. नंतर तीच पाने दहापट वेळ दाखवली. दोन्ही वेळची मते बरीचशी जुळली. एवढ्या वेळात एक शब्दही धड वाचून होत नाही. म्हणजे हे मत मजकुरावरून झालेले नव्हते.

असे मत विश्वासापर्यंत पोचते. २००२ मध्ये अमेरिकेत फॉग आणि सहकाऱ्यांनी संकेतस्थळावर विश्वास का ठेवता, असे अडीच हजारांहून अधिक लोकांना विचारले. त्यांच्या सुमारे ४६ टक्के शेऱ्यांत पानाच्या रूपाचा उल्लेख होता.

मग रूप कसे असावे? २०१२ मध्ये ॲलेक्झांडर टुख आणि सहकाऱ्यांना असे दिसले की पहिल्या क्षणी लोकांना साधी आणि परिचित घडणीची पाने आवडतात. वर्तमानपत्राचे पान वर्तमानपत्रासारखे दिसावे, शाळेचे शाळेसारखे. येथे विचार करणाऱ्या वाचकाला शंका येईल. परिचित असेल ते आवडते, पण रेस्टॉर्फच्या म्हणण्याप्रमाणे वेगळे असेल ते लक्षात राहते. मग खरे काय?

दोन्ही खरे आहे. आवडणे आणि आठवणे या दोन गोष्टी आहेत. अमेरिकेतील एमआयटीमध्ये फिलिप इझोला, ऑड ऑलिव्हा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये छायाचित्रांच्या स्मरणीयतेचा अभ्यास केला. कोणते चित्र लक्षात राहते याबाबत वेगवेगळ्या लोकांचे निकाल बरेच जुळले. माणसे असलेली चित्रे टिकली. सुंदर निसर्गदृश्ये मात्र लवकर पुसली गेली. ‘हे चित्र लक्षात राहील’ असा लोकांचा स्वतःचा अंदाज वारंवार चुकला, हे त्याहून नवलाचे. याच दिशेने मिशेल बोर्किन आणि सहकाऱ्यांनी २०१३ पासून आलेख आणि तक्ते तपासले. त्यांच्या पुढच्या अभ्यासात असे आढळले की लोक नंतर काय सांगू शकतात हे ठरवण्यात शीर्षकाचा वाटा मोठा असतो. शीर्षक नेमके असेल तर आलेखाचे सारही लक्षात राहते.

चुडाव्याच्या पाटीत हे सगळे एकत्र आले आहे. पाटीची घडण देशभर परिचित आहे, त्यामुळे काय पाहायचे हे प्रवाशाला शोधावे लागत नाही. आणि त्या परिचित चौकटीत वेगळी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे नाव. चौकट ओळखीची ठेवावी आणि आपले असे काहीतरी एकच, पण ठळक द्यावे. इतक्या वर्षांच्या प्रयोगांतून पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यासाठी एवढा सल्ला नक्की देता येतो.

शाळेचे पान आणि वर्गातला प्रयोग

आता आपण आपल्या शाळांच्या पानांकडे वळू. उघडल्याबरोबर ‘हार्दिक स्वागत’ असे फिरणारे शब्द, सरकती पट्टी, तीन-चार मान्यवरांची छायाचित्रे, फुलांची वेलबुट्टी आणि कोठेतरी कोपऱ्यात शाळेचे नाव. गाव आणि तालुका शोधूनही सापडत नाही. करणाऱ्याने मन लावून केलेले असते, पण त्याने ते पाहुण्याच्या खिडकीतून पाहिलेले नसते.

हा पाहुणा कोण असेल? मुलीचे नाव घालण्यापूर्वी शाळा पाहू इच्छिणारी आई, नुकतीच बदली झालेला शिक्षक, पुण्या-मुंबईकडे गेलेला माजी विद्यार्थी. त्यांच्यापैकी अनेकांच्या हातात लहान पडद्याचा फोन असेल आणि रेंज कमी-जास्त होत असेल. मोडेमचे दिवस गेले, पण दहा सेकंदांनंतर लक्ष उडण्याची माणसाची खोड गेलेली नाही.

आपले पान कसे आहे हे तपासायला एक प्रयोग मुलांकडून करून घेता येईल. शाळेचे पान, किंवा त्याऐवजी पुठ्ठ्यावर काढलेले त्याचे मोठे चित्र, वर्गाला तीन सेकंद दाखवून झाकावे. मग प्रत्येकाने न बोलता तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: हे पान कोणाचे आहे? येथे काय करता येईल? कोणती एक गोष्ट आठवते? उत्तरे फळ्यावर मांडून मोजावीत. ज्यांनी हे पान आधी पाहिलेले नाही अशी मुले यासाठी घ्यावीत, कारण पहिली भेट एकदाच होते आणि एकदा पाहिलेला मुलगा पुन्हा नवखा होत नाही. दुसऱ्या दिवशी न दाखवता तिसरा प्रश्न पुन्हा विचारावा. काल आठवलेल्यातले आज किती उरले, ते पाहावे. एबिंगहाउसची विसरण्याची रेषा मुलांना स्वतःच्या उत्तरांतून काढता येईल.

नंतर पानात एकच बदल करावा, उदाहरणार्थ नाव मोठे करावे किंवा सरकती पट्टी काढावी, आणि दुसऱ्या वर्गावर प्रयोग पुन्हा करावा. दोन बदल एकदम केले तर कशाचा परिणाम झाला ते कळणार नाही, हा विज्ञानाचा नियम मुलांना यातून सहज समजतो.

पानावर लावायचे छायाचित्र मुलांनाच निवडू द्यावे. मोठी माणसे बहुधा इमारतीचे छायाचित्र निवडतील. मुले कदाचित हातपंपाशी जमलेल्या मैत्रिणींचे किंवा प्रयोगाच्या टेबलाभोवतीच्या घोळक्याचे निवडतील. एमआयटीचे निष्कर्ष पाहता मुलांची निवड टिकण्याची शक्यता अधिक आहे, पण तेही तीन सेकंदांच्या चाचणीला लावून पाहावे.

आणि गावाचे नाव वरच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहायला विसरू नये. गाडी थांबणार नसली, तरी खिडकीतला माणूस तेवढे वाचतो.